काडेपेटीचा प्रश्न

निरांजन लावताना काडीचा वास दरवळला की जपानमधल्या कावासाकी शहरातल्या त्या बाई आठवतात आणि मान आपोआप खाली जाते.

तिथे मुलाकडे राहायला गेलो होतो आणि देवापुढच्या दिव्यासाठी काडेपेटी हवी होती. ती कुठे मिळेल, हे ब्राझीलहून आलेल्या वृद्ध शेजारणीला तिच्याच पोर्तुगीज भाषेत विचारावे, म्हणून ती भाषा जाणणाऱ्या सूनबाईकडून मी हौसेने एक वाक्य पाठ केले.

"ओंजी कोंप्रू फॉस्फोरुस?" मी सुस्पष्ट म्हटले.

बाईंचे डोळे भरून आले. माझे हात धरून त्या बोलतच राहिल्या.

"बाबा, त्यांचे यजमान नुकतेच गेले, असं सांगताहेत," सोबत आलेली सूनबाई कुजबुजली. "काहीतरी बोला ना!"

गोंधळून मी तेच वाक्य पुन्हा म्हटले.

अर्थ आणि प्रसंग जाणल्याविना मंत्राचा उच्चार करू नका, असे शिष्यांना जन्मभर बजावणारा मी! बाईंनी डोळे पुसले, आत गेल्या आणि स्वतःची काडेपेटी आणून माझ्या ओंजळीत ठेवली.