क्लोरीनची ओढणी

पेटीतून पोपटी ओढणी काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी थेट तुमसरच्या कॉलेजच्या मंचावर पोचले.

बी.एस्सी.चं शेवटचं स्नेहसंमेलन होतं. रसायनशास्त्राच्या सरांनी ओझोनचं नाटक बसवलं होतं. जुन्या फ्रिजमधून सुटलेला वायू खाली कोणालाच दाद देत नाही. पार वर गेला की तिथलं कडक ऊन त्याला फोडतं आणि क्लोरीन मोकळा होतो. तो क्लोरीन मी. तिघी-तिघी हात धरून उभ्या होत्या, त्या ओझोन. मी एकीला ओढायची, उरलेल्या दोघींची जोडी व्हायची. ओढून आणलेलीला एखादी एकटी ऑक्सिजन घेऊन जायची, की मी पुन्हा पुढच्या तिघींवर धावायला मोकळी. अगदी जीव ओतून धावले.

समोर शहापूरची एक बाई मला मुलासाठी गुपचूप पाहायला आली होती, हे मला कुठे ठाऊक. नाटक संपल्यावर ती आईला म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पन घरं काहून फोडून राहिली?"

सर मदतीला धावले. "नाही हो बाई, उलट हे साऱ्यायच्या जोड्या लावते. एकटी तेवढी हेच राह्यते."

स्थळ तिथेच मोडलं. आई आठवडाभर भांडी आपटत होती, मी उशीत तोंड खुपसून रडत होते. आता त्या बाईंचं काही चुकलं असं वाटत नाही.

यंदा माझ्या विद्यार्थ्यांकडून तेच नाटक बसवतेय. क्लोरीन मुद्दाम मुलाला दिला. काल त्याची आई येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, त्याले ऑक्सिजन करा ना. लग्नाचा हाय."