आतला बाहेर येईपर्यंत

बाबांना जाऊन आज वर्ष झालं. आज सकाळपर्यंत ते एक दिवसाआड पाइपवर ठोकत होते.

म्हणजे नळाला पाणी येतं त्या दिवशी.

काळेवाडीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवरून जुना लोखंडी पाइप गेलाय. त्याला भिंतीशी धरून ठेवणारा क्लॅम्प तुटला होता. पाण्याच्या आधी हवा यायची आणि पाइप भिंतीवर आपटायचा.

टक. टक.

आई हातातलं उलथनं नळावर दोनदा आपटायची. टक. टक. मग पुन्हा पोळीकडे वळायची.



बाबा नेव्हीत होते. तोफा-बिफा नाही. जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये, मेंटेनन्सला. रिटायर झाल्यावर चाकणला एका कंपनीत पुन्हा तेच काम.

नेव्हीतले त्यांचे जोडीदार सेल्वमकाका. तमिळ, पण जन्म देहूरोडचा. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतात आणि शिव्या तर फारच चांगल्या देतात.

एकदा भर समुद्रात इंजिन थंड ठेवणारा पंप बंद पडला. दुरुस्तीची जागा अशी, की एकच माणूस पोटावर सरपटत आत जाणार. उकाडा भयंकर. आतला बेशुद्ध पडला तरी बाहेर कळायचं नाही, कारण शेजारच्या जनरेटरमुळे हाक ऐकूच येत नाही.

म्हणून दोघांनी एक पद्धत पाडली. एकाने पाइपवर दोनदा ठोकायचं, दुसऱ्याने दोनदा उत्तर द्यायचं. म्हणजे सगळं ठीक.

आणि आतला बाहेर आल्याशिवाय बाहेरच्याने जागा सोडायची नाही. जेवायला नाही. साहेबांनी बोलावलं तरी नाही.

आळीपाळीने आत जाऊन दोघांनी पंप चालू केला. जहाज स्वतःच्या इंजिनावर बंदरात आलं.

त्या कामाबद्दल दोघांना प्रशस्तिपत्र मिळालं, छातीवर बिल्ला लागला. बाबांचं नाव आधी पुकारलं. स्टेजवर चढून त्यांनी बुटाची टाच फळीवर दोनदा आपटली. खाली रांगेतून सेल्वमकाकांच्या टाचेने उत्तर दिलं. साहेबांच्या लक्षात आलं, पण ते नुसतेच हसले म्हणे.

फ्रेम अजून भिंतीवर आहे. कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "मी आत होतो तेव्हा सेल्वम बाहेर होता. बाकी काय राव, नट-बोल्ट."

ही सवय घरी आली. बाथरूममध्ये कुणाला जरा उशीर झाला की दारावर टक टक. उत्तर येईपर्यंत बाबा हलायचे नाहीत.

माझं लग्न ठरायच्या वेळी सासरे घर बघायला आले होते. ते बाथरूमला गेले. बाबांनी ठोकलं. बिचारे तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

आम्ही अजूनही यावर हसतो. आज हसलो नाही.

आयसीयूत बाबांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. बेडच्या दांडीवर बोटातली अंगठी आपटायचे. आई उत्तर द्यायची.

मग एका दुपारी आईने ठोकलं, आणि दांडी गप्प राहिली.

पाइपसाठी नवा क्लॅम्प त्यांनी आजारी पडायच्या आधीच आणून खिडकीत ठेवला होता. "रविवारी बसवतो" म्हणाले होते. तो रविवार त्यांना मिळाला नाही. आईने क्लॅम्पला कुणाला हात लावू दिला नाही.

मी मोशीला राहतो. आई इथे एकटी. गुडघे गेलेत, मध्यंतरी जिन्यात पडली. शेजारणीने उचललं म्हणून बरं. वर्षभर तिच्या हातापाया पडतोय, माझ्याकडे चल.

तिचं एकच. "मी आले तर त्यांना उत्तर कोण देणार?"

मी चिडायचो. मग गाडीत बसून रडायचो.

आज वर्षश्राद्ध. सेल्वमकाका सकाळीच आले. पाणी यायची वेळ होती.

टक. टक.

आई गुडघ्यावर हात देत उठली. उलथनं घेतलं. उत्तर दिलं.

आई परत बसली. काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते त्या पाइपकडे बघत होते.

"वहिनी, हे कधीपासून?"

"ते आत आहेत, भाऊजी. बाहेर कुणीतरी पाहिजे ना."

काका उठून तिच्यासमोर खाली बसले.

"वहिनी, तो बाहेर आला."

आईने पाइपकडे पाहिलं.

"त्या दिवशी सगळे घरी गेले आंघोळीला. मी नाही गेलो. आठवतंय?"

मला आठवत होतं. विद्युत दाहिनीच्या लोखंडी दारासमोरच्या बाकावर काका बसून राहिले होते. चला म्हटलं तर मान हलवली. मला वाटलं, म्हातारा माणूस, धक्का बसलाय.

"मी तिथंच होतो. जागा सोडली नाही. तिथल्या माणसांनी अस्थी माझ्या हातात दिल्या. कलश गरम होता अजून. तो बाहेर आला वहिनी, मी घेतला त्याला."

आई वर्षभर रडली नव्हती. आज रडली.

"आधी नाही का सांगायचं, भाऊजी," एवढंच म्हणाली.

काकांनी खिडकीतला क्लॅम्प घेतला, बाबांचाच स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पाइप भिंतीला घट्ट बसवला. हाताने हलवून पाहिला. बाबा पाहायचे तसंच.

नंतर नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. ते घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. भीती वाटली मला.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "मोशीला पाणी रोज येतं का रे?"

"नाही. तिथंही दिवसाआडच."

"बरं. चार दिवस येते मग."

तिची पिशवी जिन्यात ठेवून मी कुलूप लावत होतो. काय झालं माहीत नाही, माझा हात आपोआप दारावर गेला.

टक. टक.

आतून काही आलं नाही. येणार नव्हतंच. तरी मी उभा राहिलो. पाय निघेनात.

मागे आई कठडा धरून थांबली होती. तिने बांगडी कठड्यावर दोनदा आपटली.

टक. टक.

बाबा, आम्ही ठीक आहोत.
तुमची ड्यूटी संपली. आता निवांत झोपा.