देवीच्या पाठीतला जिराफ

चहा घ्या आधी. कारण हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही मला घरातल्या लाकडी वस्तूंच्या आसपास फिरकू देणार नाही. गाढवपणा प्रत्येकाच्या हातून होतो हो, पण दुसऱ्याच्या घरची दुर्गापूजा करवतीने कापणारा अख्ख्या कलकत्त्यात मी एकटाच निघालो.

तेव्हा आम्ही बागबाजारला राहत होतो. नीता, म्हणजे माझी बायको, बँकेत अधिकारी. बदली तिची आणि बिऱ्हाड माझ्या डोक्यावर. ती कामावर गेली की मी लाकडाचे चमचे कोरत बसायचो. साधे नाही, दांड्याच्या टोकाला प्राणी असलेले. हत्ती, ससा, मांजर, जिराफ. वरून झकास रंग. जिराफावर माझा विशेष जीव. एवढा लांब दांडा आयता मिळालाय, तर मान नको का करायला?

खाली घरमालकीण माशीमा, म्हणजे बंगालीत मावशी, राहायच्या. एकट्या, सत्तरीच्या, पण आवाज असा की रस्त्यावरची ट्राम थांबावी. मला मुलासारखं वागवायच्या, म्हणजे उठता बसता रागवायच्या आणि मग खायला घालायच्या. आता डमडमच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, पण जिन्यातून "जेवलास का रे?" असं ओरडणारं कोणी नाही. फार आठवण येते हो त्या घराची.

तर झालं असं. एका ओळखीच्या दुकानदाराने रथयात्रेच्या जत्रेत त्याच्या दुकानाचा एक कोपरा मला देऊ केला. माझी पहिलीवहिली विक्री! आणि नेमकं लाकूड संपलेलं. जिन्याखाली माशीमांची अडगळ होती. त्यातलं लाकूड घेऊ का थोडं, म्हणून विचारलं. त्या टीव्हीवरच्या मालिकेत बुडालेल्या. ने बाबा, मला काय करायचंय त्याचं, म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर तिथली मोडकी खाट होती.

खाट मीही पाहिली. तिला वाळवी लागलेली. पण खाटेमागे काय उभं होतं म्हणता? एक लाकडी सांगाडा. जुनं, मुरलेलं, सरळ रेषांचं लाकूड. त्याला वाळका चिखल, सुतळीचे तुकडे, गवताच्या काड्या चिकटलेल्या. मी लगेच तर्क लढवला, हे कोंबड्यांचं खुराडं! पूर्वी पाळत असतील. मधली आडवी पट्टी कापली, चिखल घासूनपुसून धुतला आणि लागलो कामाला. लाकूड कसलं, लोणी होतं. असे चमचे माझ्या हातून आधी कधी झाले नव्हते.

रथाच्या दिवशी सकाळी चमच्यांची पिशवी घेऊन निघालो, तर माशीमांनी खालीच अडवलं. आज घरी पूजा आहे, दोघंही या, मग जा कुठे जायचं ते. अंगणात गेलो. बघतो तर काय, पाटावर, झेंडूचा हार घालून, माझं खुराडं!

नीताने मला हळू आवाजात समजावलं. तिला बँकेतल्या मैत्रिणींकडून सगळं ठाऊक होतं. आपला गणपती पाण्यात गेला की घरी येतो तो नुसता पाट. इथल्या जुन्या घरांत देवीची माती गंगेत विरघळते, पण आतला सांगाडा, काठामो म्हणतात त्याला, वर काढून घरी आणतात. त्यावरच पुढच्या वर्षीची देवी घडते, आणि रथाच्या दिवशी त्याची पूजा करून कामाला सुरुवात होते. माशीमांचा काठामो त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा. पूजेचं दालान गळायला लागल्यापासून बिचारा जिन्याखाली मुक्कामाला होता.

मी ऐकत होतो आणि पिशवी जड होत होती.

पुरोहितांच्या लक्षात आलं, मधली पट्टी नाही. माशीमांनी आधी वाळवीला दोष दिला, मग आधीच्या भाडेकरूला. मग आवाजच गेला त्यांचा. नातेवाईक केव्हापासून मागे लागले होते, एकटीला झेपत नाही, पूजा बंद कर. काठामोच मोडला म्हटल्यावर त्यांना कारण मिळणार होतं. माशीमा पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याच हातून संपायची होती."

मला रडू यायचं बाकी होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात नीता त्यांना जरा बरं वाटावं म्हणून म्हणाली, "अरे, चमचे दाखव ना माशीमांना! माशीमा, तुमच्या त्या खाटेचेच केलेत याने."

माशीमांनी मान वळवून जिन्याखाली पाहिलं. खाट जशीच्या तशी पडलेली.

मग पुरोहित शांतपणे म्हणाले, "तुमच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला एकेकाळी याच बागबाजारात खंदक खणला होता. आणि माशीमांनी तुम्हाला घराची किल्ली दिली."

माशीमांनी पिशवी मागून घेतली. एकेक चमचा बाहेर काढला. जिराफ बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, आता तो माझ्या डोक्यात बसणार.

"लाकूड घरातच आहे," त्या म्हणाल्या. "कुठे गेलेलं नाही. बांधा."

मूर्तिकाराने पट्टीच्या जागी बांबू लावला आणि त्यावर माझे सगळे चमचे ओळीने सुतळीने आवळले. मग गवत, मग माती. जत्रा राहिली बाजूला, अख्खा माल देवीच्या पाठीत गेला. पूजेत लोक भक्तिभावाने हात जोडत होते आणि मला आतला जिराफ दिसत होता. पण पूजा झाली हो! माशीमा नवी साडी नेसून सगळ्यांना भोगाची खिचडी वाढत होत्या. इतका आनंद मला आमच्या घरच्या गणपतीतही झाला नव्हता.

विसर्जनाला मीही घाटावर गेलो. माती विरघळली, सांगाडा वर आला. चमचे तसेच घट्ट, फक्त माझे रंग गंगेत वाहून गेलेले. माशीमांनी पदराने जिराफाची मान पुसली, त्याच्याकडे बघत राहिल्या. मला भरून आलं. म्हटलं, आता कौतुक करणार.

"रंग गेला ते बरं झालं रे," त्या म्हणाल्या. "आता बघवतात तरी."

तेव्हापासून मी चमचे रंगवायचं सोडलं. आणि तेव्हापासूनच ते खपायला लागले.