सांडते का, फुटते का, नासते का

आमच्या व्याह्यांना रिकाम्या हाताने बसमध्ये चढताना पाहिलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, असं मी अगदी अलीकडेपर्यंत पैजेवर सांगत असे. भरलेले हात म्हणजे स्वतःच्या सामानाने भरलेले नव्हेत. स्वतःचं त्यांचं सामान एका कापडी पिशवीत मावतं आणि वर अडकित्त्याला जागा उरते. बाकी सगळं दुसऱ्याचं असतं. उमरखेडच्या स्टँडवर ते येऊन उभे राहिले की लोक आपोआप त्यांच्याकडे सरकतात. कोणाचा जेवणाचा डबा, कोणाच्या नातवाचे बूट, कोणाच्या विहिरीवरच्या पंपाचा एखादा तेलकट भाग. कोणी पिशवी पुढे केली की व्याह्यांचे तीन प्रश्न ठरलेले आहेत. "सांडते का? फुटते का? नासते का?" आत काय आहे, हा चौथा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारला नाही. तो विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावणं, असं त्यांचं मत आहे. वस्तू घेतली की ती ज्याची त्याच्याच हातात पडली पाहिजे, शेजाऱ्याकडे किंवा पानटपरीवर ठेवून येणं त्यांना चालत नाही. हातात पडली की ते पाठवणाऱ्याला फोन करतात, "पोचलं" एवढा एकच शब्द बोलतात आणि फोन ठेवून देतात.

व्याही म्हणजे माझ्या जावयाचे वडील. लग्नाच्या बोलणीसाठी ते उमरखेडकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावरून पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर सायकलचा टायर होता. मुलाकडची मंडळी येणार म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभा होतो. टायरवाला गृहस्थ आत यायला लागला, तसं मी त्याला अदबीनेच सांगितलं की पंक्चरचं दुकान पुढच्या गल्लीत आहे. ते म्हणाले, "बरं झालं सांगतलं, तिथीच द्याचा होता," आणि टायर देऊन, दुकानदाराचा चहा घेऊन, अर्ध्या तासाने वरबाप म्हणून परत आले. बोलणी पाच मिनिटांत उरकली. हुंड्याचा विषय कोणीतरी चाचरत काढला, तेव्हा ते म्हणाले, "आम्ही लोकायचं सामान नेतो, पण कोणाच्या घरचं नेत नाई."

तांड्याच्या माणसाला हे रक्तातूनच आलेलं असावं. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. आता शेती आहे, कापूस-सोयाबीन होतं, पण बस दिसली की त्यांच्या हाताला चैन पडत नाही. मी एकदा विचारलं की निदान भाडं तरी का घेत नाही. "इवाईबुवा," ते म्हणाले (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात), "भाडं घेतलं तं मी हमाल. नाई घेतलं तं त्याच्या घरचा पाव्हणा. हमालाले चहा कोण पाजते, सांगा."

मी मात्र त्यांना कधी काही न्यायला दिलं नाही. वरबापाच्या हातात ओझं द्यायचं, हे माझ्यासारख्या मुलीच्या बापाला जमण्यातलं नव्हतं. उमरखेडला माझा एक जुना मित्र आहे. त्याला आमच्या घरचं लिंबाचं लोणचं फार आवडतं, म्हणून एकदा मी बरणी कुरिअरने पाठवली. ती फुटून पोचली. हे व्याह्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. "मी हप्त्या-पंधरवड्याले येतो-जातो," ते शेवटी म्हणाले, "माह्या हाताले काय झालं होतं?"

या सगळ्याची झळ ज्यांना लागायची त्या विहीणबाई. त्या कमी बोलत, आणि बोलल्या तर तोंडातली सुपारी बाजूला सारून सावकाश बोलत. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर निघून त्या कुठेही वेळेवर पोचल्या नव्हत्या. नेरला सख्ख्या भाचीच्या लग्नाला निघाले, तर वाटेत दिग्रसला एका म्हाताऱ्याची दुरुस्त केलेली कवळी द्यायची होती. म्हातारा घरी नव्हता, तोही दुसऱ्या एका गावी लग्नालाच गेलेला. "बिन दाताचा माणूस पंगतीत बसून काय करन?" असं म्हणून व्याही बायकोला घेऊन त्या गावी गेले. म्हातारा पोटभर जेवला. हे दोघं नेरला पोचले तेव्हा मांडवाचे बांबू ट्रॅक्टरवर चढत होते. ही गोष्ट विहीणबाईंनीच मला सांगितली आणि सांगताना त्या हसल्याही. पण शेवटी म्हणाल्या, "मले एकदा तरी टायमावर पोचायचं हाय."

लेक-जावयाने आम्हा चौघांना अंदमानला पाठवायचं ठरवलं, तेव्हा कुठे कुठे जायचं यावर आम्ही बाकीचे तावातावाने बोललो. विहीणबाईंनी एकच मागितलं. समुद्रात सूर्य बुडताना पाहायचा. "आमच्याकडे तो टेकडीमागे जाते," त्या म्हणाल्या, "पुढे त्याचं काय होते ते दिसत नाई." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "या येळी कोणाचं काही घ्याचं नाई." व्याह्यांनी सर्वांदेखत कबूल केलं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने रिवाजाप्रमाणे विचारलं की तुमच्या सामानात दुसऱ्या कोणी दिलेली वस्तू आहे का. व्याह्यांनी मान खाली घालून "नाही" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच खरं उत्तर "नाही" असल्याची त्यांना लाज वाटत होती. विहीणबाईंचा चेहरा मात्र नवरीसारखा फुलला होता.

शेवटच्या दिवशी चिडिया टापूला जायचं होतं. बेटाच्या पार दक्षिण टोकाला, जिथून सूर्यास्त दिसतो. लेकीने फोनवरूनच आमच्यासाठी मोटार ठरवली होती. व्याह्यांनी ती दारातूनच परत पाठवली. "तिच्यात आपल्याशिवाय कोणीच नाई. बोलाचं कोणाशी?" माझ्याशी बोला, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण वरबाप पडले. सरकारी बस आहेच, असं ते चौकशी करून आले होते. मीही फार हुज्जत घातली नाही, कारण सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो हे मला यवतमाळात साठ-पासष्ट वर्षं राहून ठाऊक होतं, आणि हातात पुष्कळ वेळ होता. तिकडे तो पाचलाच बुडी मारतो, हे बसमध्ये शेजारच्या माणसाने सांगितलं तेव्हा परत पाठवलेली मोटार मला आठवली. तरी बस चांगली चालली होती. विहीणबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि नारळीच्या झाडांमधून मधूनच दिसणारं पाणी दिसलं की पदर सावरत होत्या.

वाटेत एका बाजाराच्या थांब्यावर एक बाई दारात आली. तिच्या हातात टॉवेलमध्ये बांधलेला टेबलफॅन होता. दुरुस्त करून आणलेला. टापूच्या अलीकडच्या थांब्यावर माझी आई उभी राहील, तिला फक्त हा द्या, असं ती हिंदीतून विनवत होती. बस भरलेली, कंडक्टर घाईत, कोणी हात पुढे करेना. मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि पलीकडच्या खिडकीतून ते एका विजेच्या खांबाकडे टक लावून बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शब्द दिलेला माणूस शब्द पाळताना इतका केविलवाणा दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. ड्रायव्हरने गिअर टाकला. तेवढ्यात विहीणबाई उठल्या, दोन बाकांवरून हात लांबवून म्हणाल्या, "दे इकडे," आणि पंखा घेऊन जागेवर बसल्या.

व्याही चकित होऊन बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सांडते का, विचारलं नाईस." माझ्या बायकोने विहीणबाईंना विचारलं की असं का केलंत, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथी पोचून बी ह्या माणसाले समुद्र नसता दिसला. डोळ्यापुढं पंखाच राह्यला असता. मले एकटीले पाहून काय करायचं होतं?" खिडकीतल्या वाऱ्याने टॉवेल सरकला आणि मांडीवरच्या पंख्याची पाती आपोआप फिरायला लागली. आजूबाजूची दोन-चार माणसं हसली. व्याहीही हसले, पण डोळे पुसत.

त्या थांब्यावर आई उभी नव्हती. मला वाटलं, आता तरी कंडक्टरकडे देतील. पण विहीणबाईच आधी उतरल्या, मग व्याही, मग नाइलाजाने आम्ही. विचारत विचारत गेलो, तर म्हातारी चढावरच्या एका पत्र्याच्या घरात तापाने पडून होती. पंखा लावला. तिच्या कपाळावरचे पांढरे केस उडायला लागले, तशी ती उठून बसली. ती बंगालीत काही बोलली, विहीणबाई त्यांच्या तांड्याच्या गोर बोलीत "याडी, याडी" म्हणत तिची पाठ चोळत राहिल्या. याडी म्हणजे आई. कोणाला कोणाचं अवाक्षर कळत नव्हतं आणि गप्पा संपत नव्हत्या. मी घड्याळ बघत दारात उभा होतो आणि खरं सांगतो, मनातल्या मनात त्या पंख्याला शिव्या घालत होतो. व्याही बाहेर येऊन फोनवर म्हणाले, "पोचलं." तो नंबरसुद्धा विहीणबाईंनीच बस सुटता सुटता मागून घेतला होता.

झाडीतून धापा टाकत आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा सूर्य गेलेला होता. आभाळात थोडी लाली होती आणि पाण्यावर तीच, जरा मळलेली. माणसं वाळू झटकत परत निघाली होती. विहीणबाई वाळूत आडव्या पडलेल्या एका मोठ्या खोडावर बसल्या आणि बराच वेळ समोर बघत राहिल्या. व्याही त्यांच्या मागे शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे. "हुकलं ना," ते म्हणाले. "हुकलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुढल्या येळी आणजा. हात मोकळे घेऊन." व्याह्यांनी "आणतो" म्हटलं. परतीच्या बसमध्ये त्या त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या, आणि त्या जाग्या होऊ नयेत म्हणून ते पूर्ण रस्ताभर हलले नाहीत.

पुढली वेळ आली नाही. मागच्या पोळ्यानंतर विहीणबाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर कित्येक महिन्यांनी व्याही आमच्याकडे आले. मी यवतमाळच्या स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो. ते बसमधून उतरले आणि मला प्रथम ओळखूच आले नाहीत, कारण त्यांच्या हातात काही नव्हतं. ती एक कापडी पिशवी, बस्स. मी पैज हरलो होतो. घरी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. म्हणालो, लोक हल्ली काही देत नाहीत का. "देतात," ते म्हणाले, "मीच घेत नाई. तो पंखा नसता तं तिनं सूर्य पाह्यला असता." मी म्हणालो, "पंखा तुम्ही कुठे घेतला होता? त्यांनी घेतला." त्यांनी अडकित्ता उघडला, मिटला. मग म्हणाले, "कोणासाठी घेतला, ते मले समजते ना, इवाईबुवा."

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. त्या बाईने स्वतःचा सूर्य सोडून या माणसाचे हात भरले होते, आणि हा ते रिकामे घेऊन हिंडत होता. दुसऱ्या दिवशी त्यांना बसमध्ये बसवून द्यायला गेलो तेव्हा मी लिंबाच्या लोणच्याची बरणी बरोबर नेली. खिडकीतून ती आत धरली आणि म्हणालो, "व्याही, हे माझ्या मित्राला द्यायचं आहे. मागचं फुटलं होतं." त्यांनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात पुढे आले नाहीत. बस सुरू झाली, मी बरणी धरून चार पावलं बरोबर चाललो. या वयात ते बरं दिसत नव्हतं. तेव्हा आतून आवाज आला, "सांडते का?" मी म्हणालो, "सांडते. फुटतेही. नासत मात्र नाही." मग त्यांनी बरणी घेतली आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरली.

संध्याकाळी फोन आला. "पोचलं." मी फोन ठेवायची वाट पाहिली, पण त्यांनी तो ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "तुमचा दोस्त म्हणे, तुमच्यासाठी काही पाठवाचं हाय."

"काय पाठवतोय?" मी विचारलं.

"ते कायले विचारू?" व्याही म्हणाले. "सांडत नाई, फुटत नाई, नासत नाई. सोमवारी घेऊन येतो."