गाऱ्हाण्यात कुणाचं नाव घ्यायचं

आमच्या क्लबचा सीझन दसऱ्याला सुरू होतो. सकाळी ग्राउंडवर सगळे जमतात, गोलपोस्टच्या खांबापाशी नारळ ठेवतात आणि आबा गाऱ्हाणं घालतात. आबा म्हणजे क्लबचे सगळ्यांत जुने सभासद. ते आता खेळत नाहीत, पण त्यांच्याशिवाय काही सुरू होत नाही. मुलुंडला आमच्या वस्तीत बहुतेक घरं कोकणातली, त्यामुळे फुटबॉलच्या मॅचला गाऱ्हाणं कशाला, असं कुणी विचारत नाही. कॉलेजमधल्या मित्रांना मात्र मला ते समजावून सांगावं लागलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. आबा एकेक मागणं मागतात, कुणाचा पाय मोडू देऊ नको, कुणाची वाईट नजर लागू देऊ नको, आणि आम्ही प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मागणं सुरू करण्याआधी ते तीन नावं घेतात. एक क्लब काढणाऱ्याचं, एक जुन्या गोलकीपरचं आणि एक अशा फॉरवर्डचं, ज्याच्या गोलांच्या गोष्टी आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहेत.

इंग्रजी मासिकात ज्याला ‘क्लब लेजंड’ म्हणतात, तो आमच्याकडे म्हणजे हाच. ज्याचं गाऱ्हाण्यात नाव येतं, तो.

हे सगळं लिहायचं कारण आमचा लेफ्ट हाफ. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो माझ्याहून बराच मोठा. गिरणीत होता. संप झाला, गिरणीने पुन्हा आत घेतलं नाही, मग दोन-तीन वर्षं त्याने मिळेल ते केलं. शेवटी एका भाद्रपदात त्याने सांगितलं की या दसऱ्यानंतर गावी जातो, घर बंद आहे ते उघडतो, आंब्याची कलमं बघतो. त्याची आई बरोबर जाणार होती. खोली मूळ मालकाला परत जाणार होती. माझ्या आईशी बोलताना त्याची आई म्हणाली होती, “मुंबईत इतकी वर्सां काढली. गिरण गेली, खोली चालली. आता हय तेचा म्हणून काय ऱ्हवला?”

आईने घरी येऊन ते मला सांगितलं, तेव्हापासून मला चैन पडेना. मला वाटायला लागलं की दादाचं नाव गाऱ्हाण्यात यायला हवं. पण हे क्लबात बोलायचं कसं? मी बी.कॉम.ला आहे, वर्गात सरांना प्रश्न विचारायलासुद्धा माझा हात वर जात नाही. शेवटी हा विषय दुसऱ्याच कुणीतरी काढला, आणि बरं झालं.

आमची क्लबची खोली म्हणजे एक कॅरम, एक बाक आणि खिळ्यांना लटकवलेले बूट. तिथे एका संध्याकाळी विषय निघाल्यावर आमचा सेंटर फॉरवर्ड लगेच म्हणाला, “गोल किती मारले रे त्याने? एक तरी सांग.”

कुणालाच आठवेना. एक होता, पण तो आमच्याच गोलात गेला होता.

“पळतो किती पण,” गोलकीपर म्हणाला. “पूर्ण मॅच पळतो.”

“मग ग्राउंडवरच्या त्या काळ्या कुत्र्याचं पण नाव घेऊया ना. तो तर मॅच नसताना पण पळतो.”

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. सेंटर फॉरवर्ड वाईट माणूस नाही. जिभेचा तिखट आहे एवढंच, आणि त्याच्या म्हणण्यात अर्थ नव्हता असंही नाही. तो म्हणाला की आज जाणाऱ्या एकाचं नाव घेतलं, तर उद्या प्रत्येक जाणाऱ्याचं घ्यावं लागेल, आणि गाऱ्हाणं संपेपर्यंत हाफ टाइम होईल. नाव असं हवं की ते ऐकल्यावर समोरच्याच्या डोळ्यासमोर काहीतरी आलं पाहिजे. दादाचं नाव ऐकून काय येणार? मेहनत. मेहनत तर सगळेच करतात.

इथे मला दादाचंच एक बोलणं आठवलं. मागे एकदा मॅच संपल्यावर दुसऱ्या टीमच्या एका वयस्कर माणसाने त्याचं कौतुक केलं होतं, फार मेहनती प्लेअर आहेस म्हणून. दादाने त्यांना नमस्कार केला, आणि ते गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाला, “मेहनती बैल असतो. मी लेफ्ट हाफ आहे.” त्याला तो शब्द खरोखर लागला होता. तसा तो गरीब स्वभावाचा वगैरे मुळीच नाही. पास चुकला तर शिव्या घालतो. त्याचा स्वतःचा पास चुकला तरी शिव्या आम्हालाच.

सगळे बोलत होते आणि मी बूट बघत बसलो होतो. मग सेंटर फॉरवर्डच म्हणाला, “ए कॉलेज, तू बोल ना. तू तर त्याच्या मागेच खेळतोस.”

मी लेफ्ट बॅक आहे. म्हणजे दादा माझ्या पुढे, मी त्याच्या मागे, दोघे डाव्या बाजूला. मी म्हणालो की मी त्याच्या मागे खेळतो हे खरं नाही. त्यांना कळेना. मला तरी कुठे नीट सांगता येत होतं. मी सांगितलं की मी टीममध्ये आलो तेव्हा बॉल घेऊन पुढे जायला घाबरायचो, कारण मी पुढे गेलो आणि बॉल हरवला तर माझी जागा मोकळी राहणार. पहिल्या दिवशी दादाने ते ओळखलं. तो ओरडला, “जा रे, मी आहे.” आणि मी गेलो, तर तो माझ्या जागेवर येऊन उभा राहिला. तेव्हापासून प्रत्येक वेळी. माझ्या क्रॉसवर, म्हणजे मी कडेने मध्ये मारलेल्या बॉलवर, जे गोल झाले, ते सगळे पुढच्या बाजूला झाले. त्या वेळी दादा कुठे होता हे कुणी बघितलं नाही, कारण सगळे गोल बघत होते. तो माझ्या जागेवर होता.

“मी पुढे जातो तेव्हा मागे वळून बघत नाही,” मी म्हणालो. “बघावं लागत नाही. म्हणून पळता येतं.”

एवढंच बोललो. एक गोष्ट बोललो नाही, ती इथे लिहितो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. फॉर्म कसा भरायचा, कुठला विषय घ्यायचा, नापास झालो तर काय, हे मागे वळून विचारावं असं कुणी नाही. बाबा कंपनीतून येतात, माझ्या पुस्तकांकडे जरा दुरूनच बघतात, आणि ‘चाललंय ना?’ एवढंच विचारतात. त्यांचंही बरोबर आहे, ते काय विचारणार. तर आठवड्यातून निदान एका संध्याकाळी, एका मैदानाच्या डाव्या बाजूला, माझ्या मागे कुणीतरी असायचं. ते मला किती उपयोगी पडलं हे मला अजून पूर्ण मोजता आलेलं नाही.

सेंटर फॉरवर्ड थोडा वेळ कॅरमचा स्ट्रायकर बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “हे मात्र आहे. मला क्रॉस डावीकडूनच येतात.” आणि जरा थांबून, “घ्या यार नाव. माझी ना नाही.”

मी आनंदात घरी आलो आणि आईला सांगितलं. आईने दुसऱ्या दिवशी नळावर दादाच्या आईला सांगितलं, तितक्याच आनंदाने. तुमच्या मुलाचं नाव गाऱ्हाण्यात घेणार आहेत, अगदी त्या तिघांच्या बरोबरीने.

आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते त्या माउलीच्या क्षणात लक्षात आलं. ते तिघेही वारलेले होते. आबा ती नावं घेतात ती पितर म्हणून, ग्राउंडचे पूर्वज म्हणून. आम्हाला ते फक्त मोठे खेळाडू वाटायचे. आणि दिवस कुठले, तर पितृपक्षाचे.

संध्याकाळी ती क्लबच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत कधी कुणाची आई आली नव्हती. कॅरम थांबला. आबा बाकावर होते.

“आबानू, ह्या काय ऐकतंय मी?” ती म्हणाली. “माझो झिल जितो आसा. तेका पितरांच्या पंगतीक बसवतास?”

आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं. सेंटर फॉरवर्ड, जो कधी गप्प बसत नाही, तो जमिनीवर पडलेली सोंगटी शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. तेवढ्यात बाहेरून दादा आला. त्याला वस्तीतून बातमी लागलीच होती. आईला दारात बघून तो म्हणाला, “आये, घराक चल.” आणि आम्हाला म्हणाला, “मारलात मला? आधी विचारायचं तरी.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याची आईसुद्धा हसली, पण तिचे डोळे भरले होते. ती तिथून हलेना. ती म्हणाली की पोरांनी प्रेमाने केलं हे तिला कळतं. तुम्हाला त्याचं काहीतरी इथे ठेवायचं आहे हेही कळतं. पण असं नको.

म्हणजे नाव राहिलं बाजूला. दादा जाणार, आणि त्याचं इथे काही उरणार नाही, हे पुन्हा होतं तिथेच आलं. मला फार वाईट वाटलं. पण आबा विचार करत होते. त्यांनी दादाच्या आईला बाकावर बसायला जागा करून दिली आणि सावकाश म्हणाले, “वयनी, तुमचा बरोबर आसा. जित्या माणसाचा नाव पितरांत घेवचा नसता. जित्या माणसाक मान देवचो असता.”

मान म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी लिहितो. गावच्या देवळात पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीच्या झाडाला पहिली कुऱ्हाड कुणाची, हे ठरलेलं असतं. तो त्या माणसाचा मान. तो माणूस मानकरी. मानकऱ्याने ते काम करायचं असतं, आणि तो आल्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या कामाला हात लावायचा नसतो.

आबांनी सांगितलं की दसऱ्याला ग्राउंडवर चुन्याच्या फक्कीने रेघा मारतात, त्यातली डाव्या बाजूची रेघ आजपासून याचा मान. दुसऱ्या कुणी ती मारायची नाही.

दादा भिंतीला टेकून ऐकत होता. “म्हंजे दरवर्सा माका येवक होया?” त्याने विचारलं.

“होया,” आबा म्हणाले.

“आणि नाय इलंय तर?”

“तर आमी खेळूचव नाय.”

दादाने आईकडे बघितलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली की कलमांचे पैसे झाले नाहीत तरी गाडीभाड्याचं बघू. सेंटर फॉरवर्ड कॅरमखालून एकदाचा वर आला.

त्या दसऱ्याला दादाने रेघ मारली, डाव्या बाजूला शेवटची मॅच खेळला, आणि चार दिवसांनी ते दोघे गेले. वर्षभर माझ्या पुढे दुसरा मुलगा खेळला. चांगला आहे तो. पण मी पुढे जाताना मागे वळून बघायला लागलो होतो.

गेल्या दसऱ्याची गोष्ट सांगून थांबतो. मॅच नाहूरच्या टीमशी होती. ते लोक कपडे बदलून तयार. तीन बाजूंच्या रेघा झालेल्या, गोलांसमोरचे चौकोन झालेले, आणि डावी बाजू मोकळी. दादाची एस.टी. रात्रीच सुटली होती, सकाळी पोचायला हवी होती, पोचली नव्हती. ऊन चढायला लागलं. नाहूरच्या कॅप्टनने दोनदा विचारलं की एवढी एक रेघ राहिली आहे, ती मारून टाका की. रेफरी म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, मी मारतो, आणा तो डबा.

सेंटर फॉरवर्ड फक्कीच्या डब्यावर जाऊन बसला. “मानकरी येतोय,” तो म्हणाला.

“कोण मानकरी? कोणी मोठा प्लेअर आहे का?” नाहूरच्या एकाने विचारलं. नवीन असावा.

मी सेंटर फॉरवर्डकडे बघितलं. आता तो काहीतरी तिखट बोलेल असं मला वाटलं.

“आमचा लेफ्ट हाफ आहे,” तो म्हणाला. “बस जरा सावलीत. तो येईपर्यंत इथे काही होत नसतं.”

ते कुरकुरत सावलीत जाऊन बसले. आम्हीही बसलो. आबा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. त्या नवीन मुलाला दादाबद्दल काहीतरी सांगावं असं माझ्या मनात आलं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो. नंतर बघितलं तर सगळेच तिकडे तोंड करून बसले होते.