वैनगंगेच्या वाळूतले खारे पाणी

गेल्या अंकात माझ्या पुतण्याने आमच्या घरची जी हकिकत 'गंमत' म्हणून छापून आणली, ती चुकीची आहे. त्या दुपारी तो तीन वर्षांचा होता आणि वहिनीच्या मांडीवर झोपलेला होता; मी जागा होतो. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आज तर मुळीच नाही. म्हणूनच हे लिहिणे मला भाग आहे.

साल एकोणीसशे साठच्या आगेमागचे, महिना माघ. दरवर्षीप्रमाणे बालाघाटहून बैलगाडीने आम्ही वैनगंगेच्या वाळूत रोडगे करायला गेलो – आई, वहिनी, हा पुतण्या, मी आणि दादाचे दोन कुत्रे, शेरू व काळ्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर नोकरीला लागलेला. दिवाळीपासून त्याचे पत्र नव्हते. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे...

त्या दिवसांत नदी एका काठाला सरकलेली असते. पांढरीशुभ्र वाळू दूरवर मोकळी, मध्ये टरबूज-डांगरांचे वेल, आणि माणूस एकही नाही. रिवाजाप्रमाणे पिण्याच्या पाण्यासाठी मी वाळूत झिरा खणला. हातभर खड्डा, त्यात पाझरलेले गढूळ पाणी उपसून टाकले, की मागाहून निवळशंख येते. ते आम्ही प्यालो, कुत्रे प्याले, त्यातच डाळ शिजली. गोड पाणी होते.

कणकेचे रोडगे गोवऱ्यांवर भाजून झाले. पहिला रोडगा कुत्र्यांचा, ही आमची रीत. त्यांनी तो हुंगलाही नाही. झिऱ्याला तोंड लावले आणि चटका बसावा तसे मागे सरले. मग झिऱ्याच्या दोन बाजूंना पंजांवर माना टाकून पडून राहिले. दादा परगावी निघाला, की उंबऱ्याशी ते असेच पडत.

"काहून बे, उपास हाय का तुमचा?" मी त्यांना म्हणालो.

आईने तांब्या बुडवला, घोट घेतला आणि थुंकून टाकला. "अरे, हे खारं काहून लागून राह्यलं?"

मी चाखले. खारट, वर कडवट.

पुतण्या लिहितो, मिठाची पुरचुंडी सांडली असेल. साफ खोटे. मीठ सगळे वांग्याच्या भाजीत गेले होते, आणि ते मीच घातले म्हणून आईने मला सुनावलेही होते – "आता एवढी भाजी तूच खा." आणखी कोणी म्हणतात, जमिनीतच क्षार असेल. मी तिथेच वीतभर अंतरावर दुसरा झिरा खणला; त्याचे पाणी गोड निघाले. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. पुढे दादाच्या शोधात मुंबईला गेलो, चौपाटीवर ओंजळभर पाणी तोंडात घेतले, तेव्हा चव ओळखली.

जहाजवाल्यांनी सांगितले, तो एका बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. लोकांनी लगेच त्याचा दुसरा संसार थाटून दिला. पुतण्यालाही तेच पटते. पळून गेलेला बाप निदान जिवंत तरी असतो. दादा बुडाला, असे मी कधीही म्हटलेले नाही. पाणी खारे होते, एवढेच म्हणतो.

त्या दिवशी मात्र आई वहिनीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहत राहिली. वहिनीने ते ओळखले. पोराला वाळूवर निजवून ती उठली, माझ्या हातातला त्या खाऱ्या पाण्याचा तांब्या घेतला आणि तोंड न काढता तळापर्यंत प्याली.

"गोड हाय, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "तुमच्याच तोंडाची चव गेली."

"हौ," आई म्हणाली. "तसंच असन."

वहिनीने दोन्ही हातांनी वाळू लोटून झिरा बुजवला. कुत्रे तिच्याकडे पाहत होते.

तिने अखेरपर्यंत कुंकू लावले. मी या घरात प्रत्येकाशी भांडलो आहे, आजही पुतण्याशी भांडायलाच बसलो आहे. तिच्याशी 'गोड' या एका शब्दावरून कधी भांडलो नाही. ते पाणी कुठून आले, मला सांगता येत नाही... आणि अख्खा तांब्या तिने घशाखाली कसा उतरवला, तेही नाही.