वाहेद मिस्त्री आणि शहाणी पेटी

वडनेर भोलजीचा वाहेद मिस्त्री शाळा शिकला सातवीपर्यंत, पण वायरींची भाषा त्याला मोठमोठ्यांपेक्षा जास्त कळे. ब्याऐंशी साली, तो कामाला होता त्या नांदुऱ्याच्या जिनिंगात कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसला प्रोग्रामवाला कंट्रोलर बसला. मजुरांनी त्याला नाव ठेवलं 'शहाणी पेटी'. अन् दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी हिचं डोकं फिरलं की हो! दोन-चार गाठी नीट व्हाव्या, मग लाल दिवा लागून प्रेस ठप्प. बटण दाबलं की सुरू, घटकेत पुन्हा बंद.

मॅनेजर पंजाबराव तापले. "वाहेद, कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. चारपर्यंत पाहतो. नाही तं पेटीवाल्या कंपनीचा इंजिनेर मुंबईहून येते, अन् तुह्या जागी त्यायचाच माणूस बसते."

वाहेदच्या पायाला भिंगरी लागली. फ्यूज पाहिले, स्क्रू आवळले, घड्याळाकडं पाहून पुन्हा तेच स्क्रू आवळले. तिकडून इंजिनेर फोनवर म्हणे, प्रोग्राम बिघडला.

"प्रोग्राम बिघडता तं पयलीच गाठ अडती," वाहेद पुटपुटला. "हे तं मनात येईल तवा अडते!"

तो पेटीसमोर उकिडवा बसला. एकेका वायरीचा एकेक बारका दिवा. लाल दिवा लागायच्या अगदी आधी सातवा दिवा मिचकला. सातवा म्हणजे प्रेसच्या तोंडाशी बसवलेला विजेचा डोळा. कोणाचा हात आत गेला की प्रेस थांबवणं, हे त्याचं काम.

वाहेद धावला. हात कोणाचाच नव्हता. खंडेनवमीला बांधलेला झेंडूचा हार सुकून सैल झाला होता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं शेपूट डोळ्यापुढून झुलत होतं!

पण हाराला हात लावायला तो धजेना. त्यानं बांधणारीलाच हाक मारली. "गोजरमावशी, हार तुमीच सोडा."

"काऊन रे? देव चावते का तुले?"

"देव नाही चावत वो, मानसं चावतात."

गोजरबाई खो-खो हसली अन् तिनं हार वर, खांबाला बांधला.

चार वाजता पंजाबराव आले. "झालं का?"

"अजून दहा गाठी पाहू द्या, साहेब."

दहा गाठी झाल्या. अकरावीही झाली. सातवा दिवा हलला नाही. वाहेद मात्र या पायावरून त्या पायावर.

पंजाबरावांनी मुंबईला फोन लावला. "येऊ नका. अन् माणूसही धाडू नका. आमच्याकडं हाये."